कुणीतरी अर्धवट सोडलेली किट कार आणि नंबर येईपर्यंतचे एकवीस महिने

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. इंग्लंडमध्ये डर्बीत एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतो. मूळचा कोल्हापूरचा, आप्पांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे लहानपणापासून हाताला ऑइलचा वास आहे एवढंच. पण २०२३ मध्ये माझी किट कार रस्त्यावर आली तेव्हापासून इथल्या दोन-तीन मराठी पोरांनी "दादा हे नक्की कसं केलंस" म्हणून विचारलं, प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

किट कार म्हणजे काय ते दोन वाक्यांत. कंपनी तुम्हाला चेसिस आणि बॉडीचे पत्रे देते, इंजिन-गिअरबॉक्स-डिफरन्शियल तुम्ही एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं आणि घरी सगळं जोडायचं. ब्रिटनमध्ये हा जुना नाद आहे. १९५७ साली लोटसने सेव्हन नावाची दोन सीटची, छत नसलेली, हलकीफुलकी गाडी काढली, पुढे १९७३ मध्ये केटरहॅमने तिचे हक्क घेतले, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांची किटं विकणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या आल्या नि गेल्या. माझी त्यातल्याच एका बंद पडलेल्या कंपनीची. आत १९८८ च्या फोर्ड सिएराचं दोन लिटरचं पिंटो इंजिन आणि तिचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स.

९ ऑक्टोबर २०२१, शनिवार. ही गाडी बघायला गेलो. जाहिरातीत लिहिलं होतं "नव्वद टक्के पूर्ण". हे वाक्य वाचलं की पन्नास धरायचं, हे मला आता कळतंय. मालकाने २००४ साली काम सुरू केलेलं, मग घटस्फोट, मग दोनदा घर बदललं, आणि आता शेड रिकामी हवी होती. गाडी चादरीखाली, चाकांत हवा नाही, सीटवर मांजर झोपलेलं. साडेतीन हजार पौंड मागत होता. मी तासभर नुसता बघत होतो, काय बघायचं तेच माहीत नव्हतं खरं तर, पण चेहरा जाणकाराचा ठेवला. शेवटी २,८०० ला जमलं.

निघताना त्याने एक निळी फाईल आणून दिली, "ही पण घेऊन जा" म्हणून, जणू वर कोथिंबीर. त्या फाईलीत चेसिसचं मूळ बिल होतं, बहुतेक पार्टच्या पावत्या होत्या, आणि २००४ ते २००७ चे साठेक फोटो, मागे पेनने तारखा घातलेले. तेव्हा मी ती गाडीत पाय ठेवायच्या जागेत टाकून दिली होती. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्या फाईलीनेच तारलं, आणि फाईलीत जे एक नव्हतं त्यानेच नडलं. तेव्हा कुणी अर्धवट गाडी बघायला जाणार असाल तर आधी फाईल मागा, मग बॉनेट उघडा. फाईल नसेल तर पाचशे पौंड तरी कमी करून घ्या. चेसिसवर ठोकलेला नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतोय का हे तिथल्या तिथे, गुडघ्यावर बसून, टॉर्च लावून बघा. मी बघितलं नव्हतं. घरी आल्यावर बघायला गेलो तर नंबर रंगाच्या थराखाली, आणि एक आकडा तीन की आठ ते कळेना. त्या रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी पेंट रिमूव्हर आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसलो तेव्हा तीन निघाला. बिलावर पण तीनच. हुश्श.

गाडी घरी आणायला रिकव्हरीवाल्याने १८० घेतले. आमच्या घराला गॅरेज नाही, म्हणून महिना ६० पौंडांनी एक पत्र्याच्या दाराचं गॅरेज भाड्याने घेतलं, लाइट नाही, पाणी नाही. बायकोने पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "यापेक्षा मोठं आमचं कपाट होतं." आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लेका, एवढं पैसं घालून डबडं घेतलंस व्हय रं?" आणि लगेच पुढे, "मागच्या बाजूनं दाव बघू, डिफरन्शियल कसं बसवलंय त्यानं."

तर काम. माझा अंदाज होता उरलेलं दहा टक्के नाताळपर्यंत होईल. नोव्हेंबरमध्ये लक्षात आलं की दुसऱ्याने जोडलेल्या गाडीत काय जोडलंय यापेक्षा का जोडलंय ते कळत नाही. एक वायर डॅशमागून निघून कुठेतरी चेसिसच्या नळीत जाते आणि परत येतच नाही. ब्रेकचे पाइप दिसायला सुंदर, पण एका जोडाला हाताने फिरवलं तर फिरला. मग ठरवलं, त्याचं काहीही गृहीत धरायचं नाही. सगळं वायरिंग काढून टाकलं, ब्रेक पाइप नवे, रबराच्या होजा नव्या, मास्टर सिलिंडर नवा, सतरा वर्षं जुने टायर तर न बघताच टाकले. नट-बोल्ट, वायसर, क्लिपा यात किती पैसे जातात त्याचा हिशेब कुणीच सांगत नाही. फक्त फास्टनर्सचे माझे १४० पौंड गेलेत. आणि इथे एक अडचण म्हणजे इंग्लंडच्या जुन्या आट्यांचे बोल्ट आणि मेट्रिक बोल्ट एकाच गाडीत, जुन्या मालकाने हाताला येईल तो लावलेला, त्यामुळे एका ठिकाणी चुकीचा बोल्ट दामटून आटे मारलेले होते. ते दुरुस्त करायला एक रविवार.

डिसेंबर-जानेवारीत तीन आठवडे गॅरेजला गेलोच नाही. थंडीत लोखंडाला हात लागला की हात चिकटतो. त्या दिवसांत आयव्हीएचं मॅन्युअल वाचून काढलं, आणि ते खरं तर सगळ्यात पहिले करायला हवं होतं.

आयव्हीए म्हणजे इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या मॉडेलला एकदाच मान्यता घेतात, तुमची गाडी जगात एकच असल्यामुळे तिची एकटीची परीक्षा. परीक्षा घेते डीव्हीएसए, नोंदणी करते डीव्हीएलए, ही दोन वेगळी खाती, दोघांचे फॉर्म वेगळे, यात माझा सुरुवातीला फार गोंधळ झाला. आयव्हीएचं मॅन्युअल सरकारी साइटवर फुकट आहे. त्यात परीक्षक काय बघणार, कुठल्या हत्याराने मोजणार, सगळं दिलंय. म्हणजे पेपर आधीच फुटलेला आहे, तरी लोक नापास होतात, मी पण झालो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय म्हणजे गोलाई. गाडीच्या बाहेरच्या बाजूला १०० मिलीमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो तिथल्या कडक वस्तूची कड कमीत कमी अडीच मिलीमीटर गोल हवी, कुणी पादचारी आपटला तर चिरला जाऊ नये म्हणून. आतमध्ये असाच १६५ मिलीमीटरचा गोळा, डोकं आपटेल या हिशेबाने. आता सेव्हनसारख्या गाडीत पुढचं सगळं सस्पेन्शन उघड्यावर असतं, तिथे प्रत्येक नट, प्रत्येक ब्रॅकेट आलं. मी संध्याकाळी कामावरून येऊन कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचो, नटांना प्लास्टिकच्या टोप्या घालायचो, पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लावायचो. एक टिप: अडीच मिलीमीटरची रेडियस गेज तीन-चार पौंडांत मिळते, आणि गोळ्यांसाठी लाकडाचा नाहीतर पुठ्ठ्याचा गोल कापून घ्या. डोळ्याने ठरवू नका.

२७ ऑगस्ट २०२२ ला, गणपतीच्या चार दिवस आधी, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. म्हणजे तीन सेकंद. मग बंद, मग कळलं की डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, वायरी मी एक घर चुकवून लावल्यात. परत लावल्या आणि त्या पत्र्याच्या गॅरेजात असा आवाज झाला की शेजारच्या गॅरेजातला म्हातारा चहाचा मग घेऊन बघायला आला. रडू आलं का तर हो, थोडंसं, धुराने असेल.

आता इंजिनचं वय हा वेगळाच विषय. धुराची मर्यादा इंजिन किती सालचं यावरून ठरते, जुन्या इंजिनाला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांपर्यंत चालतं, नव्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. पण "हे ८८ चं आहे" असं तुम्ही तोंडी म्हणून चालत नाही, पुरावा हवा. इंजिन नंबर पाठवून अशा गाड्यांच्या मालकांच्या एका क्लबकडून पत्र मिळवलं, त्याला पाच आठवडे लागले. हे काम सुरुवातीलाच टाकून ठेवा, पत्र येईपर्यंत बाकीचं चालू राहतं.

आणि मग फाईलीत जे नव्हतं ते. मूळ सिएराचं लॉगबुक, म्हणजे तिच्या नोंदणीचा कागद. २००५ मध्ये जुन्या मालकाने सिएराचा सांगाडा भंगारात दिला आणि त्याबरोबर कागदही गेला. त्याला फोन केला, बिचाऱ्याने माळा शोधला, फक्त सिएरा विकत घेतल्याची हाताने लिहिलेली चिठ्ठी सापडली. नियम असा की कंपनीची नवी चेसिस आणि एकाच जुन्या गाडीचे दोन मुख्य भाग असं दाखवता आलं तर त्या जुन्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो. नाही दाखवता आलं तर क्यू. म्हणजे क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर, अर्थ एवढाच की या गाडीचं वय सांगता येत नाही. गाडी तीच, चालते तशीच, पण विकताना लोक नाक मुरडतात आणि त्यावर हौसेचा नंबर लावता येत नाही. मला आठवडाभर वाईट वाटलं. बायको म्हणाली, "इतके दिवस आपण क्यूमध्येच तर उभे आहोत."

जानेवारी २०२३ मध्ये अर्ज केला. हौशी माणसाने बांधलेल्या गाडीची फी तेव्हा ४५० पौंड होती. गाडी खरंच हौशी माणसाने बांधलीय याचा पुरावा म्हणून फोटो लागतात, तिथे जुन्या मालकाचे तारखा घातलेले फोटो आणि माझे फोटो मिळून अल्बम झाला. सल्ला असा की काम करताना स्वतःचा पण फोटो काढत जा, मी नुसते पार्टचे काढले होते, माझं तोंड असलेले चारच निघाले आणि चारही बायकोने चेष्टेने काढलेले. फॉर्ममध्ये गाडीचं आणि दोन्ही अॅक्सलचं जास्तीत जास्त वजन लिहावं लागतं, ते उगाच ठोकू नका, तिथे प्रत्यक्ष वजन करतात.

तारीख मिळाली १४ मार्च. गाडीला नंबर नसला तरी ठरलेल्या टेस्टला विमा काढून चालवत नेता येते, बरेच जण नेतात, पण माझा माझ्या ब्रेकवर विश्वास असला तरी मार्चच्या पावसावर नव्हता. ट्रेलर भाड्याने घेतला, ५५ पौंड. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलल्यापासून साध्या कार लायसनवर मोठा ट्रेलर ओढता येतो, त्यामुळे या वेळी रिकव्हरीवाला वाचला. पण ओढता येतो म्हणजे मागे घेता येतो असं नाही. टेस्ट सेंटरच्या आवारात ट्रेलर मागे घेताना माझे जे हाल झाले ते तिथल्या लॉरीवाल्यांनी आवडीने बघितले.

परीक्षक भला माणूस. जवळजवळ साडेचार तास लागले. तुम्हाला थांबू देतात, प्रश्न विचारले तर उत्तर देतात, फक्त वाद घालायचा नाही. सीट बेल्टचे बोल्ट, स्टिअरिंग कॉलम, आरशात किती दिसतं, मागचा फॉग लॅम्प ब्रेक लाइटपासून १०० मिलीमीटरपेक्षा लांब आहे का, सगळं शांतपणे. वळवून सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला पाहिजे, यात अशा गाड्या फार अडकतात, मी महिनाभर आधी ट्रॅकिंग, म्हणजे चाकांचा कोन नीट, करून घेतलं होतं म्हणून ते निघालं. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल, माझा ९७. सायलेन्सरवाल्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि तरी चार गोष्टींवर नापास. पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या (विशबोनच्या) एका बोल्टची टोपी ट्रेलरवर येताना गळून पडलेली. विंडस्क्रीनच्या खांबाच्या खालच्या कडेला गोलाई कमी. मागे एका ठिकाणी ब्रेक पाइपला आधाराच्या क्लिपा लांब लांब. आणि स्पीडोमीटर. हा नियम छान आहे: काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवू शकतो, ठरावीक मर्यादेपर्यंत, पण कमी अजिबात नाही. माझा सिएराचा काटा, पण चाकं वेगळ्या मापाची, त्यामुळे रोलरवर ६० च्या वेगाला ५६ दाखवत होता. गाडीभर कानस मारत फिरलो आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही. तसं पण रस्त्यावर न गेलेल्या गाडीचा स्पीडोमीटर कोण तपासतो.

घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही, कारण मी एकटाच होतो. आठ दिवसांनी पाडवा होता, गाडीची पूजा करायची ठरवली होती. गाडी स्टँडवर, पुढची दोन्ही चाकं काढलेली, तरी बायकोने येऊन हार घातला आणि कुंकू लावलं. साखरेची गाठी रेडिएटरला.

आप्पांना फोनवर सांगितलं चार गोष्टीत गेलो. ते म्हणाले, "चारच? आमच्याकडं गिऱ्हाईक ह्याच्यापेक्षा जास्त चुका काढतंय." मग त्यांनीच आठवण काढली, आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावात एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातून छोटी जीप बनवली होती, २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती सगळ्या देशाने बघितली, आणि आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच सांगितलं होतं की ही नियमात बसत नाही, रस्त्यावर थांबवतील, त्याबदल्यात बोलेरो देतो. दिलीही. आप्पांचं म्हणणं, "त्या माणसाला तुझ्यागत परीक्षा द्यायची सोय असती तर त्यानं पहिल्या झटक्यात काढली असती." खोटं नाही. तिकडे कारखान्यांच्या गाड्या तपासायला पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, पण घरी एकच गाडी बांधणाऱ्या हौशी माणसाला असा सरळ दरवाजा नाही. मला साडेचारशे पौंड टोचत होते, त्यानंतर कमी टोचले.

डिजिटल स्पीडोमीटर घेतला ११० पौंडांचा, त्याचा सेन्सर प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) बोल्टांवरून फेरे मोजतो, आणि सेटिंग मुद्दाम थोडं जास्त दाखवेल असं ठेवलं. रिटेस्टची फी तेव्हा ९०, सहा महिन्यांच्या आत करायची, आणि फक्त नापास झालेल्या गोष्टी बघतात. १८ एप्रिलला पाऊण तासात काम झालं. या वेळी टोप्या सिलिकॉनने चिकटवल्या होत्या आणि खिशात सहा जास्तीच्या. हातात सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यावर माझ्या चेसिसचा नंबर छापलेला, तो तीन धरून, मी तो तीनदा वाचला.

मग डीव्हीएलए. व्ही ५५/५ हा नोंदणीचा फॉर्म, व्ही ६२७/१ हा गाडी कुठल्या भागांतून बांधली त्याचा फॉर्म, आयव्हीएचं सर्टिफिकेट, पावत्या, सगळ्या बाजूंचे फोटो, ओळखीचा पुरावा. व्ही ५५ मध्ये बरेचसे रकाने तुम्हाला लागूच नसतात, ते रिकामे सोडा, उगाच भरायला जाऊ नका. सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि पाकीट ट्रॅक होणाऱ्या पोस्टाने पाठवा. २४ एप्रिलला डीव्हीएलएच्या स्वान्सीच्या ऑफिसला पाठवलं. १५ मेला सगळं परत. पोटात गोळा. उघडून बघतो तर चूक माझीच, पहिल्या नोंदणीची ५५ पौंड फी पाठवली होती पण वर्षाचा रोड टॅक्स, तेव्हा ३२५, त्यासोबतच भरायचा असतो ते विसरलो. आयव्हीएची ती सगळी जाड पुस्तिका पाठ, आणि चेक चुकला. परत पाठवलं.

मग नुसतं थांबणं. हा काळ मला कानस मारण्यापेक्षा जड गेला, कारण करण्यासारखं काही नसतं. रोज दारातून पत्र पडल्याचा आवाज आला की मी जिन्यावरून खाली.

२७ जूनला पत्र आलं, आषाढीच्या दोन दिवस आधी. क्यूचाच नंबर. अपेक्षित होतं तरी वाचताना एक क्षण थांबलो. मग प्लेटा करून घेतल्या, ३० पौंड, आणि विमा कंपनीला चेसिस नंबरच्या जागी खरा नंबर कळवला. किट कारचा विमा नेहमीच्या कंपन्या देत नाहीत किंवा वेडेवाकडे भाव सांगतात, खास अशा गाड्यांचा विमा करणाऱ्यांकडे जा, मला वर्षाला २१० पडला, वर्षाला तीन हजार मैलांच्या अटीवर.

हिशेब: गाडी २,८००, आणणं १८०, एकवीस महिने गॅरेज १,२६०, पार्ट २,६५० च्या आसपास, दोन टेस्ट ५४०, ट्रेलर दोनदा ११०, नोंदणी आणि टॅक्स ३८०, प्लेटा ३०, विमा २१०. एकूण आठ हजारांच्या थोडं वर. एवढ्यात तयार, नोंदणी झालेली, कुणीतरी नीट जोडलेली गाडी नक्की मिळाली असती, हे बायकोला सांगितलेलं नाही. ती हे वाचणार आहे ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१ जुलैला शनिवारी सकाळी बाहेर काढली. डर्बीहून मॅटलॉक बाथला जाणारा ए ६ रस्ता आहे, नदीच्या कडेकडेने, तिथे मोटरसायकलवाल्यांची गर्दी असते. छत नाही, दारं नाहीत, डांबर हाताच्या अंतरावर. ४० मैलांच्या वेगाला ८० वाटतात. बेल्परच्या पुढे पाऊस आला, बायकोने डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेतली आणि हसत होती, माझ्यावर की गाडीवर ते विचारलं नाही. मॅटलॉक बाथला पोचल्यावर चिप्स घेतल्या, आणि आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. बॉनेट उघडून फोन इंजिनासमोर धरला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते डोळे मिटून ऐकत होते.

"टॅपेट वाजतंय," म्हणाले.

वाजत होतं खरंच. पिंटो इंजिनाचा तो जुनाच रोग आहे, वरच्या कॅमशाफ्टवर ऑइल उडवणाऱ्या नळीची भोकं बुजतात. नळी ऑर्डर केलीय, या रविवारी टॅपेटची गॅप पण बघून घेतो.